मतपत्रिकेवरून नाव काढायचं कुणी?

डेन्व्हरकर: ‘34 आरोपांत दोषी ठरलेल्या ट्रम्पचं नाव राज्यांनी मतपत्रिकेवर छापलंच कसं?’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. न्यूयॉर्कचा निकाल मे 2024 चा. आमच्या कोलोराडोच्या कोर्टाने नाव काढायला सांगितलं डिसेंबर 2023 मध्ये, तेही चौदाव्या घटनादुरुस्तीखाली: राज्यघटनेची शपथ घेऊन बंडात उतरलेल्याला पद नाही. मुद्दा होता जानेवारी 2021 मध्ये अमेरिकी संसदेवर झालेल्या हल्ल्याचा. शिक्षेचा संबंधच नाही. समाजवादी नेते यूजीन डेब्ज 1920 मध्ये अटलांटाच्या तुरुंगातून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते, नऊ लाखांवर मतं पडली.

सातारकर: पण सुप्रीम कोर्टाने ट्रम्पना सोडलंच ना?

डेन्व्हरकर: सोडलं नाही हो. 4 मार्च 2024 ला नऊही न्यायाधीश म्हणाले, केंद्रातल्या पदासाठी हे कलम एकेका राज्याने लावायचं नाही. बंड केलं की नाही, यावर निकालच दिला नाही. न्यू मेक्सिकोत एका काउंटी कमिशनरला (आपल्याकडच्या जिल्हा परिषद सदस्यासारखा) 2022 मध्ये याच कलमाने घरी बसवलंय.

सातारकर: त्यापेक्षा आपलं बरं. दोन वर्षं शिक्षा झाली की आमदारकी गेली, सुटल्यावर सहा वर्षं बंदी. मी तर म्हणतो, आरोपपत्र आलं की तिकीटच नको. आमच्या वॉर्डात दोन गुन्हे अंगावर असलेला माणूस तिसऱ्यांदा निवडून आलाय.

परळकर: आरोपपत्रावर? मग 1977 मध्ये जॉर्ज फर्नांडिस उभेच राहू शकले नसते. आणीबाणीतला बडोदा डायनामाइट खटला अंगावर, स्वतः तुरुंगात, तरी मुझफ्फरपूर जिंकलं. आरोपपत्र कोण लिहितं? पोलीस. पोलीस कुणाचे? जरा विचार करून लिहा.

सातारकर: गुंडांना जॉर्जच्या पंक्तीला बसवू नका!

लातूरची ताई: उमेदवारांचंच चाललंय तुमचं. माझा धाकटा भाऊ बांधाच्या भांडणात अकरा महिने कच्चा कैदी होता. निर्दोष सुटला. मधे लोकसभा झाली, त्याला मत देता आलं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 62(5): तुरुंगात असलेल्याला मत नाही. आणि 2024 मध्ये काश्मीरचे नेते इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगातून उभे राहून बारामुल्लातून खासदार झाले. 2013 मध्ये कोर्ट म्हणालं, ज्याला मत नाही त्याने उभंही राहू नये, तर संसदेने काही महिन्यांत कायदा बदलून घेतला. स्वतःपुरता!

परळकर: ताई, तुरुंगात मतदान घ्यायचं तर बंदोबस्त, दबाव...

लातूरची ताई: बंदोबस्त? तुरुंगाइतका बंदोबस्त आणखी कुठे असतो, दादा? आई दोन वेळा विचारायची, त्याचं नाव यादीतून गेलं का गं.

सातारकर: बरं, जॉर्जचं मान्य. आरोपपत्राचं मागे घेतो. पण आमदार-खासदारांचे खटले वर्षात संपवा असं कोर्टाने 2014 लाच सांगितलंय, ते तरी पाळा.

लातूरची ताई: त्यांचे वर्षात. माझ्या भावासारख्यांचे?