प्रति: गाडीशिवाय शहरात राहणं
अमेरिकेतल्या डॅलसमध्ये लाइट रेलच्या (शहरात धावणाऱ्या हलक्या रेल्वेच्या) स्टेशनजवळ घर घेतलं म्हणून गाडीशिवाय निभतं, हा या चर्चेतला एकाचा अनुभव वाचून बरं वाटलं. पण तिथे १९९६ पासून रूळ वाढत वाढत दीडशे किलोमीटरच्या आसपास गेले, तरी बहुतेक लोक गाडीनेच फिरतात. घरं विखुरलेली, आणि बऱ्याच स्टेशनांभोवती वस्तीऐवजी पार्किंग.

आपल्या कोल्हापुरात उलटं आहे. महाद्वार रोड, शिवाजी चौक, लक्ष्मीपुरी हे सगळं पायी होतं. अडतं ते शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीला जाताना. शिफ्ट सुटली की हायवेच्या कडेला उभं राहायचं, वडाप (शेअर जीप) भरून आलं की पुढच्याची वाट बघायची. शेवटी माणूस हप्त्यावर टू-व्हीलर काढतोच, त्याला दोष कसा द्यायचा?

आणि मिरजेचा रूळ १८९१ पासून आपल्याकडे आहेच की! वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, सगळी माणसांनी भरलेली गावं. त्यावर दर अर्ध्या तासाला छोटी लोकल सोडा, आणि हातकणंगले स्टेशनबाहेर इचलकरंजीची बस गाडीच्या वेळेला उभी ठेवा. मेट्रोच्या गप्पांआधी मला हे हवंय. मार्ग एकेरी असल्यामुळे आधी क्रॉसिंगची, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना ओलांडायची, सोय वाढवावी लागेल. मागणी तिथूनच सुरू करूया.