मदत हवी आहे: वडिलांच्या लायसनवर काडतुसं मी आणू शकतो का?

मंडळी नमस्कार, आम्ही पाटणकडचे. आमच्या आबांच्या नावावर बारा बोअरची बंदूक आहे, लायसन चालू आहे, पण आता गुडघ्यामुळं त्यांना एसटीनं साताऱ्याला नेणं म्हणजे दिवसभराचा कुटाणा, आणि काडतुसं तर संपलीत. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो लायसनवाला स्वतः पाहिजे. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ३ मध्ये असं आहे की लायसनदाराच्या वापरासाठी त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक किंवा काडतुसं नेऊ शकतो, मग हे विकत घ्यायलापण चालतं की फक्त ने-आण करायला? कुणी असं पत्र देऊन आणलीत का, पत्र साध्या कागदावर चालतं की स्टॅम्प पाहिजे? लायसनवर एका वेळी किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची ते लिहिलेलं असतं, आमचा वर्षाचा आकडा अजून शिल्लक आहे, तो वाढवून घ्यायचा नाहीये.

आणि रानडुकरं मारायचीत का असं विचारू नका, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते हे माहितीये. कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेत आधी अर्ज करावा लागतो का तेवढं कुणाला पक्कं माहीत असेल तर सांगा, ऐकीव नको.