मदत हवी आहे: कारचे दोन्ही लो बीम एकदम बंद, हाय बीम मात्र चालू

परवा रात्री गाडी चालवताना डिपर मारला आणि समोर मिट्ट काळोख. दोन्ही हेडलाइटचे लो बीम (जवळचा, खाली पडणारा प्रकाश) एकाच क्षणी गेले. हाय बीम लागतो, पार्किंग लाइटही लागतात. हाय बीमवर घरी आलो, पण समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर प्रकाश जात होता, त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून रात्री गाडी काढलेली नाही.

बल्ब एच४, म्हणजे एकाच बल्बमध्ये हाय आणि लो अशा दोन फिलामेंट, ६०/५५ वॅटचे. दोन्ही एकदम उडणं पटेना, म्हणून काढून पाहिले. फिलामेंट शाबूत आहेत, मल्टीमीटरवरही ठीक. फ्यूज चांगले. लाइट लावल्यावर रिले (लाइटला करंट जोडणारा छोटा विजेचा स्विच) टिक करतो, तरी तसाच दुसरा लावून पाहिला, फरक शून्य. बॅटरी १२.५ व्होल्ट, पण होल्डरच्या लो बीमच्या पिनवर काहीच येत नाही. अर्थिंगची वायर दोन्ही बीमना एकच, त्यामुळे ती बरी असावी.

एक गोष्ट लक्षात आली. स्टिअरिंगजवळची दांडी हलकेच वर दाबून धरली की लो बीम क्षणभर लुकलुकतो. म्हणून कॉम्बिनेशन स्विचचा, म्हणजे त्या दांडीच्या स्विचचा, आतला कॉन्टॅक्ट जळला असावा असा माझा संशय आहे. पण स्विच महाग, आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असल्याने उगाच खोलायची भीती वाटते.

नवीन स्विच घेण्याआधी खात्री कशी करू? स्विचच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लगवर) नेमक्या कुठल्या वायरी तपासायच्या? नुसता कॉन्टॅक्ट साफ करून कुणाचं काम टिकलंय का? कृपया अनुभव सांगा.