मदत हवी आहे: आमच्या ऑक्टोपसने अंडी घातली आहेत

नमस्कार मंडळी. कोथरूडला घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत आमची ऑक्टोपस आहे, लेक तिला ठकी म्हणते. दहा दिवसांपूर्वी तिने कपारीत अंडी घातली, तांदळाच्या दाण्यांएवढी, झुबक्यांनी लटकलेली. तेव्हापासून ती जागची हललेली नाही. सोंडांनी अंडी पुसते, त्यांवर पाणी मारते. कोळंबी पुढे धरली की हळूच बाजूला सारते.

बहुतेक जातींत पिल्लं निघाली की आई जगत नाही, हे ठाऊक आहे. फार जीव तुटतो. तिला खाऊ घालायचा प्रयत्न करावा की एकटं सोडावं? आमच्याकडे आल्यापासून नर सोबत कधीच नव्हता, पण मादी आधीचे शुक्राणू साठवून ठेवते म्हणे, मग अंडी फळलेली असतील का? अंड्यांत डोळ्यांचे ठिपके कधी दिसतात? चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) लावूनही दुपारी पाणी तापतं, त्यावर काय करता? पुण्यात कुणी अनुभवी असेल तर कृपया लवकर सांगा.