८ वर्षांचा लॅपटॉप: एसएसडी, बॅटरी, हिंज करून घ्यावं की नवाच घ्यावा?

शाहूपुरी_खातेवही

नमस्कार मंडळी. मार्चएंडची गर्दी सुरू व्हायच्या आत निर्णय घ्यायचा आहे, म्हणून सगळी माहिती एकदम देतो.

लॅपटॉप १५.६ इंची, २०१८ ची खरेदी. प्रोसेसर आय५-८२५०यू, रॅम ८ जीबी डीडीआर४, १ टीबी हार्डडिस्क (५४०० आरपीएम), विंडोज १०. काम टॅलीप्राइम, एक्सेल, जीएसटी रिटर्न, डीएससी (डिजिटल सही) टोकन आणि ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

बटण दाबल्यापासून टॅली उघडेपर्यंत ८-९ मिनिटं जातात. बॅटरी २० मिनिटं टिकते. झाकण उघडताना डाव्या हिंजपाशी (बिजागरीपाशी) प्लास्टिक फाकतं. पंखा दिवसभर ओरडतो.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), बॅटरी, हिंज आणि सर्व्हिसिंग मिळून साडेदहा हजार सांगितले. वर "बोर्ड कमजोर झालाय, यात पैसे घालू नका, ४० हजारांत नवा आय३ घ्या" असाही सल्ला मिळाला. काय करावं?

चिपलेव्हल_शिरोली

"बोर्ड कमजोर" हे निदान नव्हे. बोर्ड (आतला मुख्य मदरबोर्ड) बिघडतो तेव्हा ठरावीक खुणा दिसतात: चालू असताना अचानक बंद पडणं, चार्जर लावूनही कधी चार्ज होणं कधी न होणं, एका बाजूचे यूएसबी पोर्ट मरणं, पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच. तुम्ही सांगितलेल्या चारही तक्रारी झिजणाऱ्या भागांच्या आहेत. त्यातली एकही बोर्डाची नाही.

मंदपणाचं कारण जवळजवळ नक्की हार्डडिस्क आहे. ५४०० आरपीएम म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय डोकं हलायला साधारण १२ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फाइली सेकंदाला ५५-६० च वाचता येतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो वाचायच्या असतात. साधी साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची) एसएसडीसुद्धा हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. प्रोसेसर बदलून हा फरक पडत नाही, डिस्क बदलून पडतो.

पण पैसे द्यायच्या आधी मोजा.

टास्क मॅनेजरमध्ये सुरुवातीची पाच मिनिटं डिस्कचा रकाना १०० टक्क्यांना चिकटलाय आणि सीपीयू २०-३० वर आहे का ते बघा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा. त्यात ०५ (बदलून टाकलेले खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे तुकडे), सी५ (अडकणारे) आणि सी६ (न वाचता येणारे) या तीन ओळी महत्त्वाच्या. रॉ व्हॅल्यू मुळात हेक्साडेसिमलमध्ये दिसते, सेटिंगमधून ती दशमानात करून घ्या, नाहीतर आकडा चुकीचा वाचाल. सी५ शून्याच्या वर असेल तर डिस्कवर असे सेक्टर आहेत जे वाचताना अडकतायत. अशा डिस्कवर चेकडिस्क किंवा डीफ्रॅग अजिबात चालवू नका. कण्हत चाललेली डिस्क त्या ताणानंच कायमची बंद पडू शकते. आधी डेटा काढा.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते, तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी मिलिवॅट-अवरमध्ये असते. दुसरीला पहिलीने भागा. ५० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बॅटरी संपत आली. टचपॅड वर उचललाय किंवा क्लिक होत नाही असं असेल तर मात्र टक्के बघत बसू नका, बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद करा आणि ती काढून घ्या. टाचणी लावू नका, दाबून बसवू नका, घंटागाडीतही टाकू नका. गाडीत दाबली गेली की पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

लूमवाला_इचलकरंजी

पंख्याबद्दल सांगतो, कारण आपल्या भागात याला खास कारणं आहेत. इचलकरंजीत सुताची कोंडी (मागांवरून उडणारे बारीक तंतू), शिरोली-गोकुळ शिरगावात फाउंड्रीची बारीक वाळू आणि लोखंडी धूळ. कोंडी पंख्याच्या आत राहत नाही. पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्या यांच्या मधे जाऊन तिची अक्षरशः गादी होते. बाहेरून ब्लोअर मारला की ती गादी आत ढकलली जाते, सुटत नाही. पंख्याचं झाकण उघडून चिमट्यानं ती अख्खी ओढून काढावी लागते. ब्रश फिरवताना किंवा हवा मारताना पाती बोटानं धरून ठेवा, मोकळा पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. लोखंडी धूळ असेल तर हवा मारण्यापेक्षा ओढून घेणं बरं. वीजवाहक असल्यामुळे ती उडून बोर्डावर बसली तर शॉर्टचा धोका.

बॅटरीचा कनेक्टर आधी काढल्याशिवाय आत स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, हे विसरतात लोक.

थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) बदलताना हीटसिंकच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. सैल करताना ४ पासून उलटे, बसवताना १ पासून सुलटे, आणि दोन हप्त्यांत आवळा. चिपवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. शेजारच्या भागांवर मऊ थर्मल पॅड असतात, ते फाटले तर त्याच जाडीचे लावा. पॅडच्या जागी पेस्ट भरली तर मधली अर्ध्या मिलिमीटरची फट भरत नाही आणि तो भाग तापतच राहतो.

साफ करण्याआधी आणि नंतर तापमान बघा. ८२५०यू ची मर्यादा १०० अंश. टॅली आणि ब्राउझर चालू असताना ९५ च्या आसपास जात असेल तर तो स्वतःचा वेग पाडतोय. म्हणजे तुमच्या मंदपणात थोडा वाटा याचाही आहे.

मिरजकर_तिकटी

मधेच विचारतो. आमच्या घरी २०१९ मध्ये घेतलेला आय३-७०२०यू आहे, ४ जीबी रॅम, तीच मंद हार्डडिस्क. तुमच्यापेक्षा वर्षानं नवा. मग हाच हिशोब लागू व्हावा ना?

रंकाळा_काठ

नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. खरेदीचं वर्ष बघू नका, प्रोसेसरची पिढी बघा. ७०२०यू सातव्या पिढीचा आहे, जरी २०१९ मध्ये विकला गेला तरी. विंडोज ११ साठी इंटेलचे मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचे चालतात, टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) मोड लागतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करून मिळणारी वाढीव सुरक्षा म्हणजे फक्त थोडी मुदत.

म्हणजे शाहूपुरीवाल्यांच्या मशिनवर विंडोज ११ रीतसर बसतं, तुमच्यावर बसत नाही. आडमार्गानं बसवता येतं, पण ज्यावर बँक आणि जीएसटीचं लॉगिन आहे त्या मशिनवर ते करू नये असं माझं ठाम मत आहे. तुमच्या आय३ मध्ये फक्त एसएसडी घाला आणि लिनक्स मिंट टाका. मुलांचा अभ्यास, मराठी टायपिंग, ब्राउझर यांना तो चांगला चालेल. त्यात बॅटरी, स्क्रीन असे पैसे घालू नका.

आता ४० हजारांच्या नव्याबद्दल. आय३-१२१५यू सारखा असेल तर तो ८२५०यू पेक्षा स्पष्ट वेगवान आहे, यात शंका नाही. पण त्याच्याही खाली उतरून सेलेरॉन एन४५०० वगैरे कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. दोन कोअर, दोन थ्रेड. तुमच्या चार कोअर, आठ थ्रेडच्या जुन्या आय५ पेक्षा तो मागे आहे, फक्त एसएसडीमुळे दुकानात चपळ वाटतो. नवीन घेताना तीन गोष्टी विचारा: रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉट आहे, स्क्रीन आयपीएस (बाजूनंही नीट दिसणारी) आहे की टीएन, आणि हिंज ज्यात बसते ते प्लास्टिक आहे की धातू. ८ जीबी सोल्डर आणि स्लॉट नाही, असं मशीन चार वर्षांनी पुन्हा याच प्रश्नावर आणून सोडतं.

हिंज_हिशोब

हिंज पुढे ढकलू नका, हे माझं एकच सांगणं. बिजागरी सहसा तुटत नाही. ती घट्ट होते, कारण आतलं ग्रीस वाळतं आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात गंज धरतो. मग झाकण उघडण्याचा सगळा जोर प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांवर येतो आणि ते प्लास्टिकसकट उपटतात. एका कोपऱ्यातून झाकण उघडायची सवय असली की डावी किंवा उजवी एकच बाजू आधी जाते. तसंच वापरत राहिलात तर फाकलेल्या जागी स्क्रीनची केबल चिमटते, आधी स्क्रीन फडफडते, मग जाते. दीड हजाराचं काम सहा हजारांचं होतं.

दुकानात विचारा की पॅनल बदलणार की चिकटवणार. पॅनल मिळत असेल तर बदलणंच चांगलं. चिकटवणार असतील तर २४ तासांत पक्कं होणारं दोन नळ्यांचं इपॉक्सी वापरायला सांगा. पाच मिनिटांत सुकणारं तेवढं ताकदीचं नसतं. फेविक्विक तर नकोच, ते ठिसूळ असतं आणि त्याच्या वाफेनं आसपास पांढरे डाग पडतात. आणि चिकटवण्याआधी हिंजचा नट पाव फेरा सैल करायलाच हवा. तो घट्टच ठेवला तर नवीन जोडही सहा महिन्यांत उपटेल.

शाहूपुरी_खातेवही

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मोजलं.

डिस्क सुरुवातीची सात मिनिटं १०० टक्के. ०५ ला ११२, सी५ ला २४ (दशमानात). बॅटरी डिझाइन ४१,०४०, आत्ता १२,९८०. तापमान ९६ पर्यंत. टचपॅड सपाट आहे. खालचं झाकण उघडलं तर एम.२ चा (पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट रिकामा दिसला, आणि रॅमच्या दोन स्लॉटपैकी एकात ८ ची स्टिक, दुसरा मोकळा. अचानक बंद पडणं वगैरे काही नाही.

दुरुस्तीच करावी असं वाटतंय. पण उद्या खरंच बोर्ड गेला तर साडेदहा हजार पाण्यात, ही धाकधूक आहे.

चिपलेव्हल_शिरोली

सी५ ला २४ म्हणजे आज रात्री पहिलं काम बॅकअप. टॅलीच्या डेटा फोल्डरमधली आकड्यांच्या नावाची सगळी फोल्डरं, एक्सेल आणि डेस्कटॉप, दोन वेगळ्या ठिकाणी. दोन्ही प्रती त्याच खोलीत नकोत. २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं पाणी शाहूपुरीला नवीन नाही, एक प्रत क्लाउडवर किंवा उंचावरच्या दुसऱ्या घरात ठेवा.

धाकधुकीवर उपाय म्हणजे पैसे एकदम घालू नका. प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा: बोर्ड गेला तर हा माझ्याबरोबर पुढच्या मशिनला येईल का? एसएसडी येते. नव्यात बसली नाही तर दोन-चारशेच्या केसमध्ये घालून बाहेरची डिस्क होते. रॅम डीडीआर४ असल्यामुळे येईलच असं नाही. बॅटरी आणि हिंज तर नक्कीच तिथेच राहतात. म्हणून आधी एसएसडी आणि साफसफाई, लगेच हिंज, आणि दोन-तीन आठवडे रोजच्या कामावर मशीन नीट चाललं की मग बॅटरी. तोवर तुमचं काम टेबलावर चार्जर लावून होतंच. फक्त वीज गेली तर टॅली अर्धवट बंद पडू नये म्हणून लहान यूपीएस असला तर बरा.

एम.२ चा स्लॉट एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकार) घेतो की फक्त साटा, हे मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच ऑर्डर करा. आकार दोन्हींचा तोच. दोन खाचांची बहुतेक साटा असते, एका खाचेची बहुतेक एनव्हीएमई, पण खाचेवर भरवसा ठेवून घेऊ नका. ५१२ जीबी पुरे. रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये ८ ची घातलीत तर उत्तम. ३२०० ची स्टिक चालेल, फक्त ती २४०० वरच धावेल, म्हणून वेगासाठी जादा पैसे देऊ नका.

जुनी डिस्क क्लोन करायला लावू नका. अडकणाऱ्या सेक्टरवर क्लोन तासन्‌तास थांबतो, आणि झाला तरी जुना गाळ तसाच येतो. विंडोज ११ कोरं टाका. बायोसमध्ये टीपीएम बंद असेल तर इंटेल पीटीटी या नावानं सापडेल, आणि बूट मोड लेगसीवर असेल तर यूईएफआय करा. विंडोजचं डिजिटल लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलून ते जात नाही. टॅलीचं लायसन्स मात्र जुन्या विंडोजमधून आधी सरेंडर (मोकळं) करा, नंतर नव्यावर चालू करा. हे राहून गेलं तर ऐन मार्चमध्ये लायसन्ससाठी फोनाफोनी करावी लागेल. डीएससी टोकनमध्येच असते, तिला धक्का नाही. टोकनचा ड्रायव्हर आणि एमसाइनर (पोर्टलवर डिजिटल सही करायचं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकावे लागतील.

बॅटरी मागवताना लॅपटॉपचं मॉडेल सांगू नका, जुनी बॅटरी काढून तिच्यावरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट सांगा. तुमची बहुधा ११.४ व्होल्टची तीन सेलची आहे. त्याच लॅपटॉपच्या नावावर ७.६ ची दोन सेलचीही विकली जाते.

हिंज_हिशोब

आणि दुकानात देताना जुनी हार्डडिस्क परत घ्या. तिच्यावर तुमच्या पक्षकारांचे पॅन, बँक खाती, सगळं आहे. नव्या मशिनवर रिटर्न एकदा भरून खात्री झाली, की ती डिस्क फोडूनच टाका.