गॅलरीत राजगड करायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. या दिवाळीत आम्ही तिघं भावंडं मुलाबाळांसह आईकडे जमतोय. लहानपणी वाड्याच्या अंगणात दगड-विटा रचून, वर गोणपाट टाकून चिखल थापायचो. आजी त्यावर अळीव पेरायची, रोज हलक्या हातानं पाणी शिंपडायची आणि तीन-चार दिवसांत डोंगर हिरवागार! तो ओल्या मातीचा वास अजून आठवतो.

आता आई तिसऱ्या मजल्यावर राहते, गॅलरी जेमतेम सहा बाय चार फूट. मुलांना राजगडच हवाय: मधे बालेकिल्ला, भोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माची. चिखलाचं पाणी खालच्यांकडे गळू नये म्हणून तळाला काय अंथरावं? वजन कमी ठेवायला विटांऐवजी खोकी चालतील का, की ओलीनं बसतील? आणि माती अगदी पातळ थापली तर अळीव धरतात का? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.