कादंबरीतली हिंसक दृश्यं ही पात्राच्या मरणाची फक्त पूर्वसूचना असतात का?

पानोपानी
टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'त (पुस्तकरूपात १८७८) ॲना मॉस्कोच्या स्टेशनवर उतरते आणि तिथेच रेल्वेचा एक रखवालदार गाडीखाली चिरडून मरतो. हा अपशकुन आहे, असं ती भावाला म्हणते. शेवटी ती स्वतः गाडीखाली जाते. याला पूर्वसूचना म्हणून आपण मोकळे होतो. पण शेवटच्या प्रसंगात ॲनाला तो रखवालदार आठवतो आणि त्याच क्षणी काय करायचं ते तिला कळतं. वाचकाला इशारा मिळाला हे दुय्यम आहे. ते दृश्य इतकी पानं तिच्याच मनात पडून होतं, आणि मरायची वाट तिला त्यातून सापडली.

कातळ
असहमत. रखवालदार एकटा असता तर पटलं असतं. पण ॲना आणि तिचा प्रियकर व्रॉन्स्की यांचा पहिला संबंध होतो तेव्हा व्रॉन्स्की प्रेतापुढे उभ्या असलेल्या खुन्यासारखा दाखवलाय. मग शर्यतीत त्याच्याच चुकीनं फ्रू-फ्रू घोडीचा कणा मोडतो. मग ॲनाला पडणारं ते दुःस्वप्न, लोखंडाशी काहीतरी करत पुटपुटणारा म्हातारा शेतकरी. घटस्फोट अडलेला, मुलगा दुरावलेला, घरोघरची दारं बंद. तिला संपवायला एवढं पुरेसं होतं. वर ही चित्रं रचली की दोष नशिबाकडे सरकतो आणि समाज सुटतो. याचा मला खरोखर राग येतो.

उत्तररात्र
घोडीचं चित्र जड झालंय, मान्य. पण हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' (१८९१) या कादंबरीतली टेस आठवा. पहाटेच्या काळोखात टपालगाडीचा दांडा घोड्याच्या छातीत घुसतो, टेस ती जखम हातानं दाबून धरू बघते आणि रक्तानं माखते. हा घोडा गेला म्हणून घरची कमाई थांबते, आणि म्हणूनच तिला त्या श्रीमंत 'नातेवाइकां'कडे धाडतात. तिथे त्या घरातल्या ॲलेकचा अत्याचार, पुढे तिच्या हातून त्याचा खून, मग फाशी. इथे रक्त हे कारणच आहे, आणि त्या कारणाच्या मुळाशी गरिबी आहे.

कातळ
घोड्यापुरतं पटलं. पण खुनानंतर छतावर पसरलेला रक्ताचा डाग बदामाच्या एक्क्यासारखा दिसतो, त्याचं काय? ती निव्वळ नक्षी आहे.

पानोपानी
डाग सोडून देते. मार्केझच्या 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड'मध्ये (१९८१) सांतियागो नासारला मारणार हे पहिल्याच वाक्यात कळतं. तरीही सकाळी स्वयंपाकघरात सशांची आतडी कुत्र्यांपुढे फेकली जातात आणि तो शहारतो. शेवटी स्वतःची आतडी सावरत तो त्याच स्वयंपाकघरात येऊन कोसळतो. सूचना द्यायला काही उरलेलंच नाही, तरी ससे लागतात. मरण माहीत असणं वेगळं आणि ते अंगावर येणं वेगळं.

आणि कातळ, नशिबाबद्दल: गाडीखाली झोकून दिल्यावर ॲना हादरते, हे काय करतेय असं वाटून उठू बघते. सगळं आधीच ठरलेलं असतं तर टॉलस्टॉयनं तिला तो क्षण दिला नसता.

कातळ
त्या क्षणानं मलाही हलवलंय. पण पुढच्याच ओळींत लोखंडाशी पुटपुटणारा तो शेतकरी पुन्हा हजर होतो. ती उठू बघतेय, आणि लेखक तिच्या डोक्यावर स्वप्नातला माणूस आणून उभा करतो. माझी तक्रार नेमकी तीच आहे.